सोमीचा होकार

सोमी पहिला शब्द बोलली तेव्हा तिच्या पाठची शुक्री तिच्याशी भांडायला लागली होती. इतका तिला उशीर झाला. पाड्यावरच्या म्हाताऱ्या तिच्या आईला, नवशीला, म्हणायच्या, काही झाडं उशिरा धरतात, धीर धर. नवशीनं धीर धरला. झाड धरलं, पण फळं मोजकीच. सोमी न्हातीधुती झाली, अंगानं भरली, आईच्या खांद्याला लागली, तरी तिची बोली दोन-तीन शब्दांपलीकडे जाईना. "मना दे." "नको, जा." "भूक." एवढ्यावर तिचं भागायचं. आणि जिथं भागायचं नाही तिथं ती हात वापरायची.

एकदा विहिरीवर तिची काकी हिरी पाणी शेंदत होती. हिरीच्या अंबाड्यात डहाणूच्या बाजारातली नवी लाल फणी. सोमीनं ती पाहिली आणि ओढली. फणीबरोबर केसही आले. हिरी बोंबलली, बाया धावल्या, सगळ्या एकदम विचारायला लागल्या, "कशाला घेतलीस? इचारून घेतलीस का? तुझी हाय का ती?" सोमीनं एकीकडून दुसरीकडे पाहिलं, जबडा आवळला आणि हातातला घडा दगडावर आपटला. घडा आईचाच होता.

"ही पोर नाय, दरोडा हाय," हिरी म्हणाली, आणि ते नाव सोमीला चिकटलं.

खोटं कशाला बोला, नाव अगदीच उगीच पडलं नव्हतं. कुणाची अंडी गेली, कुणाचे सुके बोंबील गेले, की लोक आधी नवशीच्या दाराकडे बघत. आणि पुष्कळदा बोंबील तिथंच सापडत. पोरांना ती बुकलायची. वाटेत कुणा बाप्यानं चेष्टा केली तर वाकून दगड उचलायची, आणि नेम तिचा बरा होता. पाड्यातले पुरुष तिला दबकून असत. नवशीला त्याची लाज वाटायची. सायवनच्या अंगाला इतके पाडे, इतक्या पोरी, आणि आपल्याच पोटी हे असलं का, असं तिला वाटायचं.

काम सांगावं तरी पंचाईत. "सोमे, आधी कोंबड्या झाक, मग विहिरीवर जा, येताना काकीकडची टोपली आन," एवढं सांगून नवशी वळली की सोमी उठायची खरी. पण घटकाभरानं बघावं तर पोर ओहळात खेकड्यांची बिळं उकरतेय, कोंबड्या अंगणभर, घडा पालथा. मग नवशीचा हात सुटायचा. "सांगला तेवढा करता येत नाय तुना?" सोमी मार खायची आणि रात्रीचं जेवण टाकून बसायची. तिला काय सांगितलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हे कळायला नवशीला फार वर्षं लागली.

कळलं तेही अपघातानं. एका आवणीला, भाताची रोपं लावताना, नवशीचा घसा पार बसला होता. चिखलात उभी, पाऊस झोडपतोय, तोंडातून आवाज निघेना. तिनं चिखलाच्याच हातानं सोमीची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि कसाबसा एक शब्द काढला, "बांध." सोमीनं राबातल्या रोपांच्या मुठी बांधायला घेतल्या आणि सबंध खाचराच्या बांधून टाकल्या. एक सुटी नाही, एक सैल नाही. नवशी बघतच राहिली. पुढं तिनं दोन-चारदा करून पाहिलं. हनुवटी धरायची, डोळ्यांत बघायचं, एकच गोष्ट सांगायची, तीही थोडक्यात. असं सांगितलेलं सोमी कधी विसरायची नाही. दुसरं काही सांगेपर्यंत तेच धरून बसायची.

पण दिवसाला शंभर कामं. दर कामाला पोरीची हनुवटी धरत बसलं तर चूल कोण पेटवणार? थोबाडीत देणं झटपट व्हायचं. नवशीनं ती युक्ती चांगल्या लुगड्यासारखी ठेवून दिली, सणावारी काढायला.

हाताला मात्र सोमी चलाख होती. गवताची पेंढी बांधायची ती गवताच्याच पिळानं. सायवनकडे सगळे तो उजवीकडे पिळतात. नवशीचं माहेर तलासरीकडचं, तिथं तिच्या आईच्या घरी डावा पीळ. लग्न होऊन आली तशी ती डावाच पीळ घालत राहिली. सासू हसली, हिरी हसली, पण हाताचं वळण जाईना. सोमीनं तेच उचललं. कुरणात हजार पेंढ्या पडल्या तरी नवशीच्या नवऱ्याच्या, पांड्याच्या घरच्या कुठल्या, हे लांबून ओळखू यायचं.

त्या वर्षी कार्तिकात गवत कमरेच्या वर उभं होतं आणि कुणी कापत नव्हतं. संप होता. कुरण शेठचं, वखार शेठची, आणि मजुरी तीच, आजाच्या वेळची. तलासरीकडून लाल बावट्याची माणसं येऊन बोलून गेली होती, पण ठरवलं ते पाड्यानं, पाड्यातल्या जाणत्या म्हाताऱ्याला, काकड्याला, मध्ये बसवून. भाव वाढल्याशिवाय कुरणात विळा घालायचा नाही. जो घालील त्याचं घर तुटलं. त्याच्या भाताच्या झोडणीला कुणी जायचं नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायचा नाही, त्याच्या पोरीला मागणं घालायचं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं. पांड्यानंही म्हटलं, आणि त्या वेळी ते खरंही होतं.

विळे आढ्याला लटकले. बाया रानात कंद उकरायला जाऊ लागल्या, पुरुष अंगणात बसून दोर वळू लागले. कामाची सवय लागलेल्या माणसाला बसवलं की तो आजारी दिसतो, तसे सगळे दिसत होते. नवशीच्या घरी नागलीची आंबील दिवसेंदिवस पातळ व्हायला लागली. शुक्री कुरकुरायची, सोमी शेजारच्या चुलीवरून भाजलेला कंद उचलून आणायची आणि त्यावरून भांडण व्हायचं.

अशात शेठचा मुकादम बारक्या एक दिवस पांड्याच्या अंगणात आला. माणूस जातीतलाच, पण डोक्यावर टोपी चढल्यापासून खाटेशिवाय बसत नव्हता. पांड्याकडे खाट नव्हती, म्हणून तो उभाच राहिला आणि गोठ्यात बघत म्हणाला, "बैल कोनाचं रं?"

बैल शेठचे होते. पांड्या ते पाळायचा, त्यांच्यावर आपलाही जमिनीचा तुकडा नांगरायचा.

"शेठचं," पांड्या म्हणाला.

"उद्या सोडून नेतो. मग सालभर नांगर तू वढ, नायतर बायकोला जुंप." बारक्या हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "नायतर असा कर. मागल्या अंगाला, सागाच्या आड, थोडी पात पाड. वखारीत दाखवाया गवत पायजे मना. पेंढ्या तठंच ठेव, मी गाडी धाडतो. कोन बघतो?"

बारक्या गेल्यावर पांड्या गोठ्यात जाऊन एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. नवशीनं चुलीपुढून पाहिलं. तिनं नको म्हणायला हवं होतं. तिनं आढ्याचे दोन्ही विळे काढले.

दिवस उगवायच्या आत दोघं गेली. सोमी आणि शुक्री घरात झोपलेल्या. दव पडलं होतं, गवत ओलं, विळा सरसर जात होता. इतक्या दिवसांनी हाताला काम मिळालं म्हणून नवशीला लाज वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. पांड्या कापत गेला, ती मागून बांधत गेली. घाईत हात आपल्या वळणानं चालतो. डोक्यात नुसतं कुणी येतंय का, एवढंच होतं.

बारक्याची गाडी त्या दिवशी आलीच नाही. हिरी मात्र आली, लाकडं मोडायला. तिनं एक पेंढी उचलली, बंदाचा पीळ पाहिला, आणि लाकडं तिथंच टाकून थेट काकड्याच्या अंगणात गेली. पेंढी त्याच्यापुढं ठेवली. बोलायची गरजच पडली नाही.

दुपारी निरोप आला, सांजेला पाडा बसणार. पांड्यानं ते ऐकलं आणि चुलीजवळ जाऊन बसला. एवढा दांडगा बाप्या, पण वाळीत टाकलेल्या घराचं काय होतं ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं.

"सोमीचा नाव सांगू," तो म्हणाला.

"काय?"

"तिला कोन काय करल? ती तशीच हाय. सगल्यांना ठाव हाय. पीळ तिचा बी डावाच. खुळी पोर गेली, कापून आली. दोन शिव्या खाईल."

"नाय," नवशी म्हणाली.

"मग शुक्रीला कोन मागल? झोडनीला कोन येल? बोल. तू सांग, मी तसा करतो."

नवशी चुलीतली राख काटकीनं सारखी करत राहिली. मग उठली, परसात गेली. सोमी कुडाला टेकून आपल्या पायातला काटा काढत होती. नवशी तिच्यापुढं बसली. आधी तो काटा काढून दिला. मग हनुवटी धरली.

"सोमे. हो म्हन."

"हो," सोमी म्हणाली.

"काय बी इचारला तरी. हो."

"हो."

नवशीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. सोमी हसली. आईनं असं जवळ बसून कितीतरी दिवसांत काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलेलं आपल्याला लगेच आलं, याचा तिला आनंद झाला होता. नवशीला तो आनंद बघवेना. ती उठून शेण गोळा करायला गेली.

काकड्याच्या अंगणात सगळा पाडा बसला. मधोमध पळसाच्या पानावर नव्या भाताचे तांदूळ. आमच्याकडे कणसरीची, धान्याच्या देवीची, आण घेतली की बोलणं संपलं. तांदूळ हातात धरून कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर त्याच्या खळ्यावर दाणा टिकत नाही, असं सगळे मानतात, आणि मानतात म्हणूनच पाड्याचे तंटे कोर्टात जात नाहीत.

पांड्या उभा राहून म्हणाला, पीळ माझ्याच घरचा, पण आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं, पोरीनं केलं. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. त्याला तांदूळ धरायला कुणी सांगितलं नाही. आण घ्यायची ती ज्याच्यावर आळ त्यानं.

सोमीला पुढं आणलं. काकड्यानं तिच्या ओंजळीत तांदूळ घातले. म्हातारा वाईट नव्हता. त्यानं घसा साफ केला आणि म्हाताऱ्या माणसांच्या रीतीनं सगळं एका दमात विचारलं. "सोमे, ही कनसरी हाय तुझे हातात. सागाच्या मागं तू गेलीस, गवत कापलास, पेंढ्या बांधल्यास, आन तुझे आयसला-बाहासला त्याचा ठाव नवता, असा झाला का दुसरा काय झाला, ता सांग."

सोमीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं.

लोक कुजबुजले. दरोडाच ती, आणखी काय. काकड्याचे डोळे अधू झाले होते, पण त्यानं सोमीकडे आणि मग नवशीकडे पाहिलं.

"नवशे," तो म्हणाला, "पोर समजून बोलते ना?"

एवढं एकच त्यानं नवशीला विचारलं. त्यात तिला बोलायला जागा होती. बाबा, तिला एकेक विचार, असं म्हटलं असतं तरी पुरे होतं. गवत कापलंस का, एवढंच सोमीला धरून विचारलं असतं तर तिनं नाही म्हणून मान हलवली असती आणि सगळं तिथंच उलगडलं असतं. नवशीला शुक्री दिसत होती, हिरीच्या पाठीआड डोळे मोठे करून बसलेली. जमिनीकडे बघणारा पांड्या दिसत होता.

"समजते," नवशी म्हणाली.

तेवढ्यात सोमीनं ओंजळ तोंडाला लावली आणि आणेचे तांदूळ खायला लागली. कच्चेच, करकर चावत. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक म्हातारी तोंडावर हात मारून मागं सरली. पोरं हसली. नवशीनं धावत जाऊन तिच्या हातातले उरलेले दाणे काढून घेतले आणि ते कुठं टाकावेत हे न कळून पदरात बांधले.

घर तुटलं नाही. पांड्यानं दंडाची ताडी पाजायची, आणि पोरीनं पुढचं गवत उभं राहीपर्यंत पाड्यात राहायचं नाही, असं ठरलं. हिरीनंच वाट काढली. ती डहाणूला भाजी घेऊन जायची. तिथं रेल्वेच्या चाळीत जयमालाबाई म्हणून होत्या, नवरा काशीनाथ रेल्वेत कारकून. त्यांना घरी पोर हवी होती. हिरी वाईट बाई नव्हती. फणी गेल्याचं ती विसरली नव्हती, पण पोरीला रानात सोडावं असंही तिला वाटलं नव्हतं.

नवशी दोघींबरोबर कासा गावापर्यंत चालत गेली. मोटार यायला वेळ होता. सोमी आधी मजेत होती, मग हिरीनं तिचं मनगट धरलं तशी तिला काहीतरी उमगलं. ती मागं ओढायला लागली, गुरगुरली, हिरीच्या हाताला चावायला वाकली. लोक बघायला जमले. नवशीला दुसरं काही सुचलं नाही. तिनं हनुवटी धरली.

"सोमे. बाईला हो म्हन. काय बी सांगल, हो म्हन."

तिला वाटलं, पोर तिथं उलट वागली तर मार खाईल. आपण तिच्या भल्याचंच सांगतोय, असं तिला खरंच वाटलं.

"हो," सोमी म्हणाली, आणि मोटारीत चढली.

पुढं संप फार दिवस चालला नाही. शेठनं भाव वाढवला, पाड्यावर ढोल वाजला, सगळे कुरणात उतरले. पांड्याचे बैल गोठ्यातच राहिले. त्या सागाआडच्या गवताचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. नवशी पात, आपल्या वाट्याची ओळ, धरून कापायची, मागं बांधायला कुणी नसायचं. शुक्री चार पेंढ्या बांधून दहा गोष्टी सांगायची. बायांच्या मधे बसून नवशी हसायची, बोलायची, आणि घास तोंडात नेताना ते कच्चे तांदूळ करकरल्याचा आवाज तिला ऐकू यायचा. पदरात बांधलेले दाणे तिनं पेरणीच्या भातात मिसळून टाकले होते. त्या वर्षी पीक चांगलं आलं. देवीनं आपल्याला काहीच केलं नाही, याचंच तिला भय वाटायला लागलं.

हिरी अधूनमधून बातमी आणायची. पहिल्यांदा म्हणाली, रडते. मग म्हणाली, रडायची थांबली. होळीनंतर म्हणाली, "नवशे, पोर सुधारली गं. उलटा सबद नाय, हात उगारनं नाय. बाई लय खूश हाय." नवशीनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मनाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पाऊस सरला, गवताला तुरे आले. काकड्या एक दिवस काठी टेकत अंगणात आला आणि म्हणाला, "नवशे, आता पोरीला घरी आन." नवशी दुसऱ्याच दिवशी निघाली.

जयमालाबाईंचं घर स्वच्छ होतं. दाराशी तुळस, आत शिवणाचं मशीन. बाईंनी नवशीला पायरीवर बसवलं, चहा दिला, आणि मोकळेपणानं बोलल्या. "खरं सांगू का, सोडवत नाही हो मला ती. अशी पोर मिळायची नाही. काही सांगा, हो म्हणणार. आता सांगितलेलं सगळं होतं असं नाही, विसरते. दूध उतू घालवते, नळ उघडा टाकते. पण उलटून बोलणं म्हणून नाही."

नवशीनं विचारलं, "मारला नाय ना बाई कोनी?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा झालं तसं. यांची चांदीची डबी सापडेना. मी विचारलं, तू घेतलीस का? हो म्हणाली. कुठं ठेवलीस? हो. हे भडकले, दोन-चार ठेवून दिल्या. मग डबी ट्रंकेमागं सापडली. मी तिला म्हटलं, अगं, घेतली नव्हतीस तर नाही म्हणायचंस की! तर त्यालाही हो म्हणाली." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी तिला शिरा करून घातला."

सोमी आतून आली. अंगावर बाईंचं जुनं पातळ, केस तेल लावून विंचरलेले. चेहरा भरला होता. नवशीनं तिला पोटाशी धरलं. सोमीनं धरू दिलं, पण आपला हात उचलला नाही.

"घरी जायचंय ना सोमी?" बाई म्हणाल्या.

"हो."

"की इथंच राहतेस?"

"हो."

बाई हसल्या, डोळे पुसले आणि पिशवीत फराळाचा पुडा घातला. नवशीला हसू आलं नाही. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि चालू लागली. या खेपेला सोमीनं ओढाताण केली नाही.

पाड्यावर कौतुक झालं. बाया बघायला आल्या. हिरीनं मुद्दाम आपली फणी काढून तिच्यापुढं धरली, "घे की." सोमी म्हणाली, "हो," आणि घेतली नाही. नुसती बघत राहिली. "शानी झाली गं," हिरी म्हणाली. पांड्यानं पोरीसाठी ओहळातून खेकडे धरून आणले, भाजून तिच्यापुढं ठेवले आणि बाहेर जाऊन बसला. शुक्रीनं दोन दिवसांत ओळखलं की ताईला काहीही सांगितलं तरी ती हो म्हणते. मग तिनं आपली सगळी कामं तिच्यावर टाकली. नवशीनं शुक्रीला झोडपलं, आणि झोडपताना आपण कुणाला मारतोय हे तिचं तिलाच कळेना.

गवत सुरू झालं. पहिल्या दिवशी पाडा सगळा कुरणात. पुढं पुरुषांची पात, मागं बाया बांधायला. सोमीचा हात तसाच चालत होता. डावा पीळ, घट्ट. नवशीला वाटलं, हात आहे तसा आहे, बाकीचंही येईल हळूहळू. ऊन चढलं. गवताची कुसं घामात चिकटून मान खाजवत होती. बारक्या मुकादम छत्री घेऊन पातीपातीनं फिरत होता. सोमीपाशी तो थांबला. वर्षभरापूर्वी तो तिच्यापासून दहा हात लांबून जायचा.

"कोन गं ही? सोमी का? डहाणूचा पानी लागला की." त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "वखारीवर येशील का पानी भराया?"

"हो," सोमी म्हणाली.

"एकटीच?"

"हो."

"रातची?"

"हो."

पातीतल्या दोघा-चौघांना हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "मुकादम, सोय झाली तुझी." बारक्या खाली वाकला आणि तिच्या खांद्यावरची गवताची काडी काढल्यासारखं करून हात तिथंच ठेवला. सोमी हलली नाही. पायाशी दगड होते, मूठभर, हाताएवढे, हवे तसले. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही. पेंढीचा बंद तेवढा अर्धा पिळून हातात राहिला होता.

आपण पुढं कशा पोचलो ते नवशीला आठवत नाही. विळा हातात होता एवढं खरं. "हात काड," ती म्हणाली, आणि तिचं तोंड पाहून बारक्यानं काढला. "चेष्टा गं, चेष्टा," म्हणत तो छत्री सावरत मागं सरला. पुढच्या पातीतून पांड्या वळून बघत होता. त्याच्या डोक्यावर भारा होता. तो तसाच उभा राहिला. हिरीनं आपली पेंढी खाली टाकली आणि हसणाऱ्यांकडे बघून थुंकली.

नवशीनं विळा टाकला. सोमीला धरून सागाच्या सावलीत नेलं, खाली बसवलं आणि तिच्यापुढं गुडघ्यावर बसली. तिला ती पोर हवी होती, घडा फोडणारी, चावणारी. बोंबील चोरले तरी चाललं असतं. तिनं दोन्ही हातांनी सोमीची हनुवटी धरली. डोळ्यांत पाहिलं. श्वास लागला होता, तो तिनं आवरला, कारण सांगायचं ते थोडक्यात आणि स्वच्छ सांगायला हवं होतं.

"सोमे," ती म्हणाली. "नाय म्हन."

सोमी आईच्या ओठांकडे बघत होती, मन लावून. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. आई जवळ बसून काहीतरी सांगत होती, आणि तिला ते येत होतं.

"हो," ती म्हणाली.